चौथा धडा वगळला

मशिनच्या पुस्तकात मी शुद्ध लिहिते. तोंडानं मी कोल्हापूरची हाय, आणि त्या मंगळवारचं सांगायला लागले की माझं डोकं अजून फिरतंय. तेव्हा ऐकायचं तर असंच ऐका.

मी रूपाली कांबळे. एमआयडीसीत विजयसिंहदादांचा कारखाना हाय, कडबा कुट्टीची मशिनं करायचा. मागं मोटर, पुढं भलंमोठं लोखंडी चाक, चाकाला दोन पाती. वैरण आत सरकवली की तुकडे होऊन पडते. ह्या मशिनबरोबर चाळीस पानांचं एक पुस्तक जातं, मशिन कसं बसवायचं, कसं चालवायचं, पातं कसं बदलायचं. मराठी, कन्नड, हिंदी, प्रत्येक भाषेचं वेगळं. ते पुस्तक माझ्या हातचं. पुस्तकाच्या मागच्या पानावरचा फोन नंबरही माझ्याच टेबलावर वाजतो, कारण दुसऱ्या कुणाला तो उचलायचा कंटाळा.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"कडबा कुट्टीवालं काय?"

"व्हय, बोला मावशी."

"कुरुंदवाडातनं तानाबाई बोलतोय. तुमच्या पुस्तकात लिवलंय, पातं काढण्याआधी बघा, आणि म्होरं दोन प्रश्नचिन्हं हायती. काय बघू म्हंता?"

"दोन प्रश्नचिन्हं?"

"व्हय की. मी सातवी शिकलोय, वाचाय येतंय मला."

मला हसू आलं. म्हणलं, "मावशी, तिथं धडा चार, पान एकोणीस असं असंल. एकोणीस नंबरचं पान काढा."

"काढलंय. मोटरला ग्रीस घालायचं हाय तिथं."

माझं हसू तिथंच संपलं. पान एकोणीस म्हणजे पातं बदलायचा धडा. ग्रीस चार पानं पुढं.

"आमचं ह्ये म्हणत्यात, तुझं वाचन संपंना, मी खोलतो," तानाबाई म्हणाल्या. "पाना लावून बसल्यात चाकाफुडं."

आता हे नीट ऐका. त्या चाकाला दोन पाती समोरासमोर असतात म्हणून चाक तोललेलं असतं. एक पातं सैल केलं की चाक एका बाजूला जड होतं आणि आपसूक गरकन वळतं. वीज बंद असली तरी वळतं, वायर काढून घरात नेऊन ठेवली तरी वळतं. दुसरं पातं वरच्या अंगाला वाटच बघत असतं. म्हणून आधी चाकात लाल खीळ घालायची, चाक जाम करायचं, मगच पाना लावायचा. चौथ्या धड्यात एवढंच हाय. सगळ्या पुस्तकात जीवाच्या कामाचा तेवढा एकच धडा.

"हात काढा!" मी एवढ्या जोरानं वरडले की शेजारच्या पॅकिंगमधल्या बायका उठून आल्या. "मावशी, आधी त्यास्नी हात काढाय लावा, मग बोला!"

तिकडं फोन खाली आदळला. "ओ, हात काढा आधी! कंपनीतली बाई वरडाय लागलीया!" मग एक गडीमाणसाची शिवी. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणकन आवाज. 

"काढला, काढला," तानाबाई परत फोनवर आल्या, धापा टाकत. "चाक वळलंच की वं बाई! पाना उडून पडला तिकडं गोठ्यात."

"मशिनबरोबर लाल खीळ आली होती का?"

"आलती की. म्हशीच्या दाव्याला ठोकलीया."

का न्हाई ठोकणार? ती कशासाठी हाय हे सांगणारं पानच त्या बाईच्या हातात न्हाई. मी त्यांना फोनवर सगळं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांच्याकडनं वदवून घेतलं, आणि फोन ठेवून पॅकिंगमध्ये जाऊन एक नवंकोरं मराठी पुस्तक उचललं. पानं मोजली. छत्तीस.

चौथा धडा गायब. आणि वरनं बघणाऱ्याला पत्ता लागणार न्हाई, कारण धड्यांचे आणि पानांचे नंबर आपोआप पडतात. एक धडा गळाला की मागचे सगळे गुमान पुढं सरकतात. खूण म्हणून राहतात ती फक्त दोन प्रश्नचिन्हं, जिथं गळालेल्या धड्याचा आणि पानाचा नंबर पडायचा तिथं.

हे पुस्तक आम्ही साध्या टायपिंगनं करत न्हाई. प्रत्येक धड्याची वेगळी फाइल, आणि त्यात मजकूर खुणांमध्ये बसवायचा: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही धोक्याची सूचना. एक्सएमएल म्हणतात त्याला. उघडलेली खूण बंद करायला लागते, आणि फाइलीची पहिली ओळ ठरलेली असते. तिच्या आधी एक अक्षरसुद्धा चालत न्हाई, देवाधर्माचं न्हाई की शिवीगाळीचं न्हाई. मग सगळ्या फाइली जोडून कॉम्प्युटर रोज पुस्तक बांधतो. त्याला बिल्ड म्हणतात. एका फाइलीत जरी खोट असली तरी बिल्ड अडतं, आणि सगळ्यांना लाल मेल जातो, दादांना पण; सगळं ठीक असलं की हिरवा.

बिल्ड तर अडीच महिने हिरवं होतं! मी कॉम्प्युटरवर बसले आणि बिल्डची नोंदवही उघडली, जी हिरवं असल्यावर कुणीच उघडत न्हाई. तिच्यात मराठी पुस्तकापुढं एक ओळ होती. "धडा ०४: पहिल्या ओळीच्या आधी मजकूर. फाइल वगळली." आदल्या दिवशीही तीच. त्याच्या आदल्या दिवशीही तीच. अडीच महिने कॉम्प्युटर रोज बोंबलत होता आणि आम्ही सगळे हिरवा रंग बघून चहा पीत होतो. त्या आम्ही सगळ्यांत मी पण हाय. मी छापलेलं पुस्तक एकदा तरी हातात धरायला पाहिजे होतं. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावी असं वाटलं.

फाइल उघडली. सगळ्यात वर, पहिल्या ओळीच्या डोक्यावर: ॥ जोतिबा प्रसन्न ॥

आमचे आकाराममामा. कारखान्यातले सगळ्यात जुने मिस्त्री, कसबा बावड्याचे. मशिनचं त्यांना जेवढं कळतं तेवढं दादांनाही कळत न्हाई. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पंचवीस वर्षांमागं अशाच एका चाकानं नेली, म्हणून चौथा धडा मामांनी शब्दन् शब्द सांगितला आणि मी लिहिला. पण मामांची एक रीत हाय. कागदाच्या डोक्यावर देवाचं नाव घातल्याबिगर त्यांचा हात चालत न्हाई. चलन असो, ड्रॉइंग असो, पत्र्यावर खडूनं माप लिहायचं असो, आधी वर जोतिबा. दादांनी त्यांना फाइलीत थेट लिहायची मुभा दिली तेव्हा फाइलीतही वर जोतिबा. मी तीनदा समजावलं. शेवटी छापील पुस्तकाच्या पहिल्या पानावर, मधोमध, ठळक अक्षरात नाव घातलं. मामा म्हणाले बरं. पण प्रत्येक धडा म्हणजे त्यांच्या लेखी नवा कागद. मी रोज सकाळी लाल मेल आला की ती ओळ काढायची, गाजावाजा न करता.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बारा दिवस रजेवर होते. त्यात मामांनी चौथा धडा उघडला. का? तर एक वाक्य वाढवायला: "खीळ बसली का, हे चाक हातानं हलवून बघा." सोन्यासारखं वाक्य. आणि वर जोतिबा. बिल्ड लाल झालं असणार. मग ते हिरवं कुणी केलं?

मी ऋतुराजच्या केबिनमध्ये गेले. ऋतुराज म्हणजे दादांचा मुलगा, पुण्यात शिकून आलेला, कॉम्प्युटरचं सगळं त्याच्याकडं.

"खराब फाइल वगळून बिल्ड पुढं न्यायचं, हे तुम्ही घातलंय?"

"हो," तो म्हणाला, मोबाइलवरनं नजर न काढता. "तू रजेवर होतीस. पप्पा रोज लाल मेल बघून ओरडायचे. दोन मिनिटांचं काम होतं. बिल्ड हिरवं आहे ना?"

"आणि पुस्तक?"

"पुस्तकाचं काय?"

"पुस्तकात धडा न्हाई, ऋतुराजसर! दिवा हिरवा करायला सांगितलं तर तुम्ही पानंच गाळली. आत्ता कुरुंदवाडात एका माणसाचा हात जाता जाता राहिला."

"रिलॅक्स, रूपाली. गेला नाही ना?"

रिलॅक्स म्हणे. माझ्या पायाची आग मस्तकाला गेली. "लाल मेल आला तर काय आग लागत होती? मला फोन करायचा. मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून सांगितलं असतं, एक ओळ काढा. एक ओळ! ती काढायचं सोडून तुम्ही सबंध धडा काढला!"

आवाज खाली शेडमध्ये गेला असणार. मी बाहेर आले तर आकाराममामा जिन्याच्या तोंडाशी उभे, हात फडक्याला पुसत. मी सांगितलं. सरळ सांगितलं, त्यांच्या ओळीनं काय झालं ते.

मामांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. माणसाला आपली चूक पचत न्हाई तेव्हा तो दुसऱ्याचं काहीतरी शोधतो. मामांनी शोधलं.

"म्हंजी देवाच्या नावानं खोट आली म्हंतीस? मला ठावं हाय, तू रोज गुपचूप काढतीस त्ये. तुमच्यात देव न्हाई, म्हणून आमचा बी पुसाय निघालीस व्हय?"

लेथ चालवणाऱ्यानं लेथ बंद केला. सगळी शेड माझ्याकडं बघायला लागली. सात वर्षं ह्या माणसाच्या डब्यातली चटणी मी खाल्लीया, मामा म्हणून हाक मारलीया.

"मामा," मी म्हणलं. "आमच्या घरातले देव माझ्या आज्यानं पंचगंगेत सोडले. ते आमचे होते, आम्ही सोडले. तुमच्या देवाला मी कधी बोट लावलं न्हाई. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याला कुणी बसवला? ह्या ऋतुराजनं? दादांनी? मी बसवला! तुम्ही तीनदा व्हय म्हणालात आणि चौथ्यांदा मला न विचारता तेच केलंत. ते चाक वळताना माणसाचा देव विचारत न्हाई. तुमची दोन बोटं नेली तेव्हा विचारलं होतं?"

मामा हातातलं फडकं पिळत उभे राहिले. मी वर गेले.

ती ओळ काढली. वगळायची सोय बंद केली. बिल्ड लावलं, तर लाल! आणि लाल बघून मला जन्मात एवढं बरं वाटलं नव्हतं. निदान खोट दिसली तरी. हिंदीतल्या सातव्या धड्यात कुणीतरी धोक्याच्या सूचनेची खूण उघडून बंदच केली नव्हती, कन्नडमधल्या नवव्यात अंतराच्या मापात "पेक्षा कमी"चं चिन्ह तसंच टाकलं होतं, कॉम्प्युटर त्याला नवी खूण समजत होता. ते दोन धडेही असेच गळत होते. वीस मिनिटांत सगळं निस्तरलं. चाळीस पानं. आणि हे वीस मिनिटांचं काम अडीच महिने कुणी केलं नव्हतं.

मग दादांकडं गेले. अडीच महिन्यांत गेलेल्या मशिनांची यादी मागितली. एक्केचाळीस मशिनं.

"पुढच्या मालाबरोबर बरोबर पुस्तक जाऊ दे की," दादा म्हणाले. "आता घरोघर फोन करून काय सांगणार? लोक म्हणतील मशिनातच खोट हाय."

"पाती दोन-तीन महिन्यांत बोथट होतात, दादा. एक्केचाळीस घरं आता पाती बदलायला बसणार. आज, उद्या, परवा. तुम्ही यादी देताय का मी डीलरांकडनं गोळा करू? त्यांना कारण सांगायला लागंल मग."

यादी दिली. पण अट घातली: नवीन पान आलंय, व्हॉट्सॅपवर पाठवतो, एवढंच बोलायचं. पान गाळलं हे तोंडातनं काढायचं न्हाई. आणि स्वतः माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले, ऐकायला. मी व्हय म्हणलं. मला हात वाचवायचे होते, भांडण जिंकायचं नव्हतं. फोन स्पीकरवर टाकला आणि सुरुवात केली. मामा कधी वर येऊन दारात उभे राहिले ते मला कळलं न्हाई.

एक, दोन, पाच, दहा. "बरं झालं ताई, सांगितलंसा." "खीळ व्हय ती? पोरं खेळत्यात तिनं." एकानं आदल्या दिवशीच पातं बदललं होतं, नशिबानं चाक भिंतीला टेकवून. मी प्रत्येकाकडनं वदवून घेत होते: आधी वायर, मग खीळ, मग हलवून बघायचं, मग पाना. सव्वीस घरं झाली. सव्वीस घरांत हात शाबूत.

सत्ताविसावा नंबर वारणानगरजवळच्या बाळासोंचा. फोन त्यांच्या सुनेनं उचलला. क्रांती नाव सांगितलं.

"कडबा कुट्टीच्या कंपनीतनं बोलतेय. पातं बदलायचं एक नवीन पान आलंय, ते तुम्हाला..."

"कुठलं पान?" ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला. "'पातं काढण्याआधी बघा', त्याच्या पुढचं?"

"व्हय."

"तिथं प्रश्नचिन्हं होती, ताई."

"व्हय."

"मामंजींना वाचायला येत न्हाई. ते पाना घेऊन बसलेले आणि मी वाचून दाखवत होते. मी म्हणलं, पुढं काही लिहिलंच न्हाई. म्हणाले, न्हाई तर न्हाई. तीन आठवडे झाले. चार बोटं गेली त्यांची. अंगठा तेवढा राहिलाय."

दारात मामांच्या तोंडातनं काहीतरी आवाज आला. मी मान वळवली न्हाई.

"सासूबाई म्हणतात, शिकलेली म्हणून हिला वाचायला बसवली आणि हिनं कंटाळून पान गाळलं," क्रांती सांगत होती. "साऱ्या गल्लीसमोर म्हणाल्या. पुस्तक दाखवलं तर म्हणाल्या, तूच फाडलं असशील. मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना पण तसंच वाटतंय. माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत घरात कुणी. ताई, ते पान पुस्तकात होतं का नव्हतं? मलाच आता कळंना झालंय."

हातचं पाणी न घेणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

समोर दादांनी ओठावर बोट ठेवलं. मग मान हलवली, न्हाई, न्हाई. मी त्यांच्या हाताकडं बघितलं. पाचच्या पाच बोटं जागच्या जागी होती.

"सासूबाईंना द्या फोन," मी म्हणलं.

"रूपाली!" दादा उठले. मी मोबाइल उचलून छातीशी धरला आणि खिडकीकडं गेले. स्पीकर चालूच होता.

"कोण बोलतंय?" म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

"मी रूपाली कांबळे. तुमच्या मशिनचं पुस्तक मी करते. तुमच्या सुनेनं पान गाळलं न्हाई, मावशी. फाडलं न्हाई. ते पान पुस्तकात नव्हतंच. आम्ही गाळलं. कंपनीनं. तिनं जे होतं ते सगळं बरोबर वाचलं."

"आणि हे आज सांगतीस?" म्हातारी म्हणाली.

"मला आज कळलं. मला आधी कळायला पाहिजे होतं."

"चार बोटं गेली त्येंची. दूध काढायचा हात हुता त्यो. आणि मी ह्या पोरीला गल्लीत हुबी करून... फोनवर नगंस सांगू मला. फोनवर सांगून भागत न्हाई. मी गल्लीत बोललोय, तर तू गल्लीत येऊन सांग. सगळी असतील तवा सांग."

"येते. आजच येते."

फोन बंद झाला. दादा म्हणाले, "तू जायचं न्हाईस. गेलीस तर परत इकडं यायचं न्हाई." मी म्हणलं, बरं. आणि खुर्चीवर बसून अठ्ठाविसावा नंबर लावला, कारण अजून चौदा घरं राहिली होती. त्या चौदा घरांना मी नवीन पान आलंय असं सांगितलं न्हाई. पान आम्ही गाळलं असं सांगितलं, चौदाही वेळा, दादांच्या तोंडावर. ते तिसऱ्या फोनलाच निघून गेले.

चार वाजता मी चाळीस पानांचं एक पुस्तक पिशवीत घातलं आणि खाली उतरले. आकाराममामा फाटकाशी मोटरसायकल घेऊन उभे होते. डोळे सुजलेले. "बस," म्हणाले. "मी बी येतो. माझं मी सांगतो त्यास्नी. आणि मगाशी मी तुला जे बोल..."

"बसते," मी म्हणलं. "पण वारणानगर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलायचा न्हाई, मामा. मला साऱ्या शेडसमोर बोललात, तर माफी पण शेडसमोरच मागा. उद्या सकाळी, सगळी असतील तेव्हा. दादा काय बी म्हणू देत, तेवढ्यासाठी मी येणार हाय."

मामांनी मान हलवली आणि किक मारली.